आते, तुझ्या मनात काय होतं?

आते, परवा तुझं बारावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले, उसनी आणलेली पातेली ज्याची त्याच्याकडे पोचली, आणि आज सकाळी मी उठायला गेले तर डावा पाय टेकेना. पोटरी आखडून लाकूड झालेली, टाच वर ओढलेली. तू गेल्यापासून त्याला कुणाचा हात लागलेला नाही हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. डोळे आधीच रडून सुजलेले, म्हणून आणखी रडत बसले नाही. खाटेवरच बसून विचार करू लागले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बसली बग. आता इचारील काय तरी."

विचारणारच आहे. जिवंतपणी तू माझ्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर दिलं नाहीस. आता निदान मध्येच उठून चुलीकडे तरी जाणार नाहीस.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी मला ताप आला. मी तेव्हा जेमतेम सहा वर्षांची. ताप उतरला आणि डावा पाय तेवढा अंथरुणातच राहिला. माझा असून माझं ऐकेना. आई धाकट्याच्या बाळंतपणातून उठली नव्हती, बाबा ठाण्याच्या गिरणीत, आणि तू बाबांची थोरली बहीण, नवऱ्यामागं बाळकुमला माहेरी आलेली, मिठागरावर कामाला जाणारी. दुसऱ्या कुणाला सवड नव्हती म्हणून की काय, माझा पाय तुझ्या वाट्याला आला. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तू वाटीत तेल कोमट करायचीस, पाय मांडीवर घ्यायचीस, टाचेपासून गुडघ्यापर्यंत चोळायचीस, मग घोटा वर-खाली, वर-खाली. शेवटी खांबाला धरून उभं करायचीस. मी ओरडत असले तरी, झोपेत असले तरी, तुझ्यावर रुसलेली असले तरी. आज मी बाळकुमहून माजिवड्याच्या शाळेत माझ्या पायांनी जाते आणि पहिलीच्या पोरांना शिकवते. लंगडते, पण कुणाचा हात धरत नाही. गावात याला "आतेची श्रद्धा" म्हणतात. कालपरवापर्यंत मीसुद्धा तेच म्हणत होते.

पण तुझ्या दहाव्याला बाबा एक गोष्ट बोलून गेले आणि माझा सगळा समज पालथा झाला. ती सांगते. त्याआधी बाबांबद्दल थोडं बोलू दे, कारण त्यांच्याशेजारी ठेवल्याशिवाय तू मला नीट दिसत नाहीस.

बाबा उमेदीचा माणूस. तू तोंडावर म्हणायचीस, "माजा भाव म्हंजे होलीची आग." माझा पाय गेला तेव्हा त्यांनी कुठंसं ऐकून अंगणात दोन बांबू आडवे बांधले, मी त्यांना धरून मधून चालावं म्हणून. पहिले काही दिवस सगळी आळी बघायला जमायची. बाबा एका टोकाला उभे राहून ओरडायचे, "चल माजे वाघिनी, चल!" मलाही स्फुरण चढायचं. मग बाबांची पाळी बदलली, आळीतल्या बायकांना आपापली कामं आठवली, आणि बांबूंवर बोंबील वाळू लागले.

मग टिटवाळ्याच्या गणपतीला नवस. पोर चालली की अनवाणी येईन, असा नवस होता. पण बाबांना धीर कुठला, ते आधीच जाऊन आले. पहिल्या चतुर्थीला मित्र, झांजा, गुलाल, आणि परत आले ते पायांना फोड घेऊन. पुढच्या चतुर्थीला कल्याणपर्यंत बैलगाडी. त्याच्या पुढच्या चतुर्थीला कुणीतरी टिटवाळ्याला निघालं होतं, त्याच्या हाती नारळ दिला. देवाला राग आला नसावा. त्यालाही माणसांची सवय असेल.

आणि ते ग्रहण! आते, त्या दिवसाची आठवण काढून आपण दोघी किती हसलो असू, पण त्या दिवशी तू हसली नव्हतीस. अधू पोराला ग्रहणात कमरेपर्यंत मातीत पुरलं की पाय सुटतात, असं बाबांना गिरणीतल्या कुणा घाटावरच्या माणसानं सांगितलं. झालं. खाडीकाठच्या मऊ चिखलात खड्डा खणला, मला त्यात उभं केलं, भोवती चिखल चोपला. बाबांबरोबर आळीतले कितीतरी बाप्ये, सगळे डोळे मिटून देवाचं नाव घेत उभे. आता सूर्यग्रहण म्हणजे अवस, आणि अवसेला खाडीला उधाण. आपल्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण खाडीच्या पाण्यावर वाढलेल्या त्या माणसांपैकी एकालाही उमेदीच्या भरात भरतीची आठवण झाली नाही. पाणी माझ्या बेंबीला लागलं तेव्हा मी विचारलं, "बाबा, पानी कशाला येतं?" बाबा म्हणाले, "डोले मीट, बाय."

तू मिठागराच्या बांधावरून धावत आलीस. लुगडं वर खोचलेलं, हातात फावडं. ते टाकून दिलंस आणि हातांनी चिखल उपसलास. मला ओढून बाहेर काढून खांद्यावर टाकलंस आणि बाबांना एवढंच म्हणालीस, "आगऱ्याचा पोर हायस ना तू?" बाबा आयुष्यात कधी इतके ओशाळलेले मी पाहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत तेल होतंच. बोटांच्या बेचक्यांतला वाळका चिखल काढताना मात्र तू दातओठ खात होतीस.

बाबांना हसते म्हणून त्यांच्यावर माझी माया कमी आहे असं समजू नकोस. अंथरुणातून मला पहिल्यांदा अंगणात आणलं ते त्यांच्या उमेदीनंच. त्या बांबूंपाशी मला वाटलं होतं की मी चालेन. तुझ्या मांडीवर असं मला कधीच वाटलं नाही. तुझ्या मांडीवर काही वाटायचंच नाही, नुसता पाय चोळला जायचा. मग चालले कुठल्यामुळं? हे कोडं मला तेव्हापासून छळतंय.

पुढच्या हंगामात तू मला मिठागरावर न्यायला लागलीस. पावसाळा सरला की वाफ्यांचा तळ तुडवून टणक करावा लागतो, नाहीतर मिठात चिखल उतरतो. बायका एकमेकींच्या खांद्यांवर हात टाकून रांग धरतात आणि गाण्याच्या तालावर ओली माती तुडवत सरकतात. त्या रांगेत तू मला उभं केलंस. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला तुझी मैत्रीण हिराकाकी. दोघींनी मला जवळजवळ उचलूनच धरलेलं. उजवा पाय तालावर पडायचा. डावा मागून फरफटत यायचा. मातीत उजव्याचे ठसे उमटायचे आणि डाव्याची एक लांब रेघ.

मुकादम कावला. "बाई, पोरीला बांधावर बसवा. सगळा तळ खरवडतोय."

"खरवडू दे," तू म्हणालीस. "मी मागशी तुडवते ना."

आणि खरंच, वाफा संपला की तू एकटी मागं फिरून माझी रेघ तुडवून बुजवायचीस. बाकीच्या बायका तोवर बांधावर बसून भाकरी सोडायच्या. मला लाज वाटायची. मी म्हणायचे, आते, मी बांधावरच बसते, तुला दोनदा काम पडतं. तू म्हणायचीस, "तुज्या पायाला काम पडतं का नाय?" पुढं काही नाही. शाबास नाही, चालशील गं पोरी नाही, काही नाही. खारट पाण्यानं भेगा चिरायच्या, मी घरी येऊन भोकाड पसरायचे, आणि तू भेगांना तेल लावताना बाजारात कोलंबी महाग झाल्याचं आईला सांगत असायचीस.

किती हंगाम असे गेले ते मला ठाऊक नाही. रेघ रोज उमटायची आणि तू ती रोज बुजवायचीस. मग एका दुपारी हिराकाकी गाणं मध्येच सोडून तुझ्याकडे बघून ओरडली, "आगो सोने, बग, रेघ तुटली!"

सगळी रांग थांबली. मी मान वळवून पाहिलं. रेघ येता येता एका ठिकाणी थांबली होती, मध्ये बोटभर माती कोरी होती, आणि पुढं रेघ पुन्हा सुरू झाली होती. तेवढ्यापुरता पाय उचलला गेला होता. हिराकाकीनं माझे मुके घेतले. कुणीतरी मुकादमाला हाक मारली, तोही येऊन खाली वाकून पाहून गेला. मी तुझ्याकडे बघत होते. तू वाकलीस, त्या कोऱ्या जागेकडे जरा वेळ पाहिलंस आणि म्हणालीस, "बगला ना? आता गाना धरा. माती सुकते."

मला तुझा इतका राग आला होता आते! मला वाटलं होतं तू मला उचलून घेशील, रडशील, निदान हसशील. बाबांना संध्याकाळी कळलं तर त्यांनी अख्ख्या आळीला पेढे वाटले. तू त्या दिवशीसुद्धा मागं फिरून रेघ बुजवलीस. ती कोरी जागा तेवढी सोडलीस का गं? मी बांधावरून बघत होते, पण ऊन डोळ्यांवर होतं, मला दिसलं नाही. हेही विचारायचं राहून गेलं.

आपलं भांडण अर्धवट राहिलंय ते वेगळंच. यंदा मी शाळेत लागले आणि मला शहाणपणाचे कोंब फुटले. एका सकाळी, पाय तुझ्या मांडीवर, मी तुला ऐकवत होते की मुलांना आधी गोडी लागली पाहिजे, गोडी लागली की मूल आपसूक शिकतं.

"आनि नाय लागली तं?"

"मग लावायची."

"आनि लागंपर्यंत?"

"लागंपर्यंत काय?"

"लागंपर्यंत काय करायचा ता सांग ना, मास्तरीन बाय."

मी म्हटलं, विचार करून उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी तुझं अंग तापलं होतं. तशाही अंगानं तू वाटी घेऊन आलीस, आणि मी तुला घालवून दिलं, जा, पडून राहा म्हटलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, तसंच करायला हवं होतं. पण तू त्या तापातून उठलीच नाहीस आणि उत्तर द्यायचं राहिलं.

आता दहाव्याचं सांगते. खाडीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर ही गर्दी, पण खाली एक उतरेना. सगळे कोड्यात पडले, सोनीचं काय राहिलं असेल? तुला ना मूल, ना शेत, ना दागिना. आई हळूच म्हणाली, "कुसुमचा पाय." झालं, बाबा हात जोडून पुढं झाले. "सोनीताय, पोरीचा पाय मी बगीन! रोज बगीन! बालकुमच्या देवीची शपत!" कावळ्यांनी माना वाकड्या करून त्यांच्याकडे बघितलं आणि ते बसले तिथंच बसले. तुझ्या भावाला ते तुझ्याइतकंच ओळखत असावेत. मला तशातही हसू फुटलं. मग सगळे कंटाळून बांधावर बसले, बाया आपसात बोलायला लागल्या, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून एक कावळा येऊन घास घेऊन गेला.

त्या बांधावर बाबा माझ्याशेजारी बसले होते. खाडीकडे बघत म्हणाले, "तुला सांगितला नाय कदी. तुजा पाय गेला तवा ठान्याच्या डाक्तरकडं आमी दोगं गेलेलू, मी आनि ती. डाक्तर बोलला, हा पाय आता आसाच. चोलून काय व्हनार नाय. मी रस्त्यात रडलू. ती बाजारात थांबली आनि तिनी तेल घेतला."

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तुझी श्रद्धा, तुझा विश्वास, तुझं मन सांगत होतं म्हणे. यातलं काहीच नव्हतं. तुला सांगून ठेवलं होतं की काही होणार नाही, आणि तू येताना तेल घेऊन आलीस.

का?

मी गेले चार दिवस हेच विचारत फिरतेय. आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या आतेच्या हातात एकदा काही आलं की सुटत नसे. भांडणसुद्धा." हिराकाकीला विचारलं. ती म्हणाली, "मी इचारलेला तिला. बोलली, घरान ठेवली तं रडत बसंल, आनि माजा जीव कामात लागाचा नाय." एवढंच? मला घरी ठेवायची पंचाईत म्हणून मी चालायला शिकले? बाबा म्हणतात तुझ्यात देवाचा अंश होता. बाबांकडे दुसरं उत्तर असतंच कुठं?

डॉक्टरचं तुला पटलं नसेल म्हणावं, तर गावात कुणाला साधा खोकला झाला तरी तू त्याला डॉक्टरकडे पिटाळायचीस. माझ्यावरच्या मायेपोटी म्हणावं, तर माया आईलाही होती, बाबांना तर ओसंडून जाईल एवढी होती. आवडीनं करायचीस म्हणावं, तर तेही खरं नाही. कित्येक सकाळी तुझा हात नुसता फिरत असायचा आणि नजर दाराबाहेर. एकदा मी विचारलं होतं, "आते, कंटाळा आला?" तू म्हणालीस, "आला," आणि घोटा फिरवायला लागलीस. तेवढं एक उत्तर तू मला सरळ दिलंस, आणि त्यानं माझं कोडं आणखीच वाढवून ठेवलंय.

म्हणून आज सकाळी, पाय टेकेना तेव्हा, मी आईला हाक मारली नाही. बाबा दारातून डोकावले आणि पाय बघून त्यांचे डोळेच भरून आले. "थांब, मी नवा डाक्तर आनतू! ठान्याला एक आलाय म्हनतात!" म्हणून सदरा चढवत निघालेसुद्धा. मी घसटत चुलीपाशी गेले, तेल कोमट केलं आणि पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.

आते, मला आज कळलं की इतक्या वर्षांत मी या पायाला कधी नीट हातच लावलेला नाही. न्हाताना ओझरता, तेवढाच. तो तुझा पाय होता. सुरुवात कुठून करायची तेसुद्धा मला येईना. थंडगार, बारीक, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. टाचेपासून वर चोळत गेले. तुझा अंगठा पोटरीच्या आतल्या बाजूला एका जागी नेहमी थांबायचा, हे माझ्या पायाला आठवत होतं, माझ्या अंगठ्याला ती जागा शोधावी लागली. सापडली. तिथं दाबून धरलं आणि घोटा वर घ्यायचा प्रयत्न केला. डोळ्यांना काहीच दिसलं नाही, पाय तसाच. पण अंगठ्याखाली काहीतरी हललं. दोऱ्याएवढं. एकदाच.

पुन्हा केलं, तर नाही. पुन्हा केलं, नाही. मग पुन्हा हललं.

तुझ्या हाताला हे लागत होतं का गं? रेघ तुटली त्याच्या कितीतरी आधी, तुझ्या अंगठ्याला हे कळलं होतं का? आणि मला सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतंस तर बाबांनी पेढे वाटले असते आणि बांबूंवरचे बोंबील काढून आळी पुन्हा गोळा झाली असती? की पहिली दोन-तीन वर्षं तुलाही काहीच लागलं नव्हतं, आणि काल नाही लागलं तर आज लागतंय का एवढं बघायला तू रोज वाटी घेऊन बसायचीस? की हा माझाच चौकस स्वभाव मी तुझ्या गळ्यात घालतेय, आणि तू खरोखर फक्त कोलंबीच्या भावाचा विचार करत होतीस?

तू असतीस तर सांगितलं नसतंस, मला ठाऊक आहे. तरी तू हवी होतीस. मी विचारलं असतं आणि तू "पाय हलवू नको" म्हणून मला गप्प केलं असतंस, एवढ्यासाठी तरी हवी होतीस.

बराच वेळ चोळलं. शाळेला आज येत नाही असा निरोप धाडला. खांबाला धरून उभी राहिले, पण टाच अजून टेकत नाही. उद्या सकाळी पुन्हा बघते.